हार घालू नये

संपादकांनी फोनवर सांगितलं, "बाई, यंदा कलाफेरीवर लिहा. छान, सकारात्मक लिहा." सकारात्मक हवं असेल तर दुसरं कुणीतरी बघा, असं मी म्हणाले. ते हसले. मी गंमत करत नव्हते.

आमचं तालुक्याचं गाव सातारा जिल्ह्यात आहे, पण दवाखाने, बस्त्याची खरेदी आणि निम्म्या सोयरिकी सांगलीकडच्या. गावात एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर छोटं वस्तुसंग्रहालय आहे. तिथं मी एकतीस वर्षं 'सहायक' होते. सहायक कुणाची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण माझ्या वर कुणी नव्हतंच. तिकिटं फाडायची मी, वस्तूंची नोंद करायची मी, मऊ ब्रशनं धूळ काढायची मी, आणि पावसाळ्यात छत गळायला लागलं की बादल्या मांडायच्याही मीच. लोक विचारत, "बाई, दिवसभर करता काय तुम्ही तिथं?" मी सांगत असे, "राखण."

राखण कुणापासून, तर चोरापासून नव्हे. एकतीस वर्षांत चोरी एकदाच झाली, तीही जिन्यातल्या बल्बची. राखण करायची ती भाविकांपासून.

तुम्हाला खोटं वाटेल. आमच्याकडे एक वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या कुणा योद्ध्याचा कोरीव दगड. दर शनिवारी त्याच्यावर कुणीतरी तेल ओतून जायचं. मी पाटी लावली, "हा मारुती नाही." तर एक गृहस्थ पाटी वाचून म्हणाले, "नसंना का, देव त्यो देवच." तोफेच्या तोंडात लोक नाणी टाकत. एका नवरीला फोटोसाठी पालखीत बसवलं, तर पालखीचा दांडा मोडला आणि वरमाय माझ्यावरच डाफरली, "एवढी कच्ची ठेवायची कशाला मग?" कपाळावर हात मारून घ्यायचा, दुसरं काय!

पण सगळ्यात मोठा ताप म्हणजे हार. आमच्याकडे माणसांची सतरा तैलचित्रं आहेत. बसस्टँडजवळच्या शौकतभाई पेंटरांनी काढलेली. पूर्वी घरातलं माणूस गेलं की लोक त्याचा रेशनकार्डावरचा एवढासा फोटो घेऊन शौकतभाईंकडे जात आणि ते त्यावरून दोन हात उंचीचं चित्र काढून देत. मेलेल्या माणसाला जन्मात मिळाला नाही असा फेटा तिथं मिळायचा. पुढे घरं बदलली, भिंतींना टाइल्स लागल्या, आणि लोक ही चित्रं आमच्याकडे आणून टाकायला लागले. आणि आपल्याकडे तसबीर दिसली की हात शिवशिवतात. हार घातल्याशिवाय चैन पडत नाही.

तैलचित्र म्हणजे कापडावर रंगाचे थर. ओला हार घातला की पाणी झिरपतं, कापड सैल पडतं, मागून बुरशी धरते. झेंडूचा पिवळा डाग तर सहजी जात नाही. फुलांमागोमाग मुंग्या येतात. चंदनाच्या सालींचा हार कोरडा असतो म्हणावं, तर त्यात कसर होते. हे मी किती जणांना समजावलं असेल त्याला गणती नाही. पालथ्या घड्यावर पाणी. माना डोलावायचे आणि दुसऱ्या दिवशी हार घेऊन यायचे. पण मी एकतीस वर्षांत एकही हार चित्रावर टिकू दिला नाही. तेवढा एक अभिमान मला आहे, आणि तो मी लपवत नाही.

माझं हे हाराचं वेड पंचक्रोशीत माहीत झालं होतं. त्यामुळंच हौसाबाई आल्या.

मलकापूरच्या पलीकडच्या एका वाडीतली ही बाई. एका दुपारी एसटीतून उतरून, चादरीत गुंडाळलेली मोठी फ्रेम छातीशी धरून जिना चढून वर आली. घामानं निथळत होती. बसायच्या आधीच विचारलं, "बाई, तुमच्याकडं हार घालत न्हाईत म्हनं. खरं हाय का?"

मी नेहमीची कॅसेट लावली. पाणी, बुरशी, मुंग्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्ये ऱ्हाऊ द्या. कवाच घालत न्हाईत न्हवं?"

"कधीच नाही."

"मग माझ्या इलासाला ठिवून घ्या."

विलास त्यांचा धाकटा. फौजेत होता. डोंगरावरच्या चौकीवरून उतरताना बर्फाचा कडा कोसळला. बरोबरचे सगळे सापडले, हा सापडला नाही. बरीच शोधाशोध झाली, आणि शेवटी त्याला मेलेला धरावं असं पत्र आलं. घरच्यांनी दिवस घातले. हौसाबाई त्या दिवसांत जेवल्या, घसा बसेपर्यंत भांडल्या, पण रडल्या नाहीत. त्यांचं म्हणणं एकच, "दावा मला. दावल्याबिगर मी कशी म्हनू?" शौकतभाईंकडून त्यांनी चित्र काढून घेतलं तेही वर्दीतलं नाही. निळा शर्ट, मनगटावर घड्याळ, सुट्टीवर आल्यासारखा. थोरला मुलगा आणि जावा-दीर त्या चित्राला हार घालायला बघत. शेतातून घरी येईपर्यंत हौसाबाईंच्या जिवात जीव नसे. "एक डाव हार पडला की मानूस मेलं, बाई," त्या मला म्हणाल्या, "मग त्यो माघारी आला तरी कोन वळखनार न्हाई त्याला."

मी वस्तू ठेवून घेतली. नोंदवहीत अटींचा एक रकाना असतो. लोक 'चित्र विकू नये', 'नाव मोठ्या अक्षरात लिहावे' असलं काहीतरी लिहून घेतात. हौसाबाईंच्या नावापुढे मी लिहिलं, 'हार घालू नये.' त्यांनी अक्षर न् अक्षर लावून वाचलं आणि सही केली. माझ्या दृष्टीनं तो जतनाचा नियम होता. त्यांच्या दृष्टीनं काय होतं, ते मला कळत होतं, पण मी त्यात शिरले नाही. नोकरी करणाऱ्या माणसानं किती शिरायचं?

पुढे दर बाजाराच्या दिवशी त्या यायच्या. पिशवी खाली ठेवून चित्रापुढं उभ्या राहायच्या आणि बातम्या द्यायच्या. "इलासा, म्हस याली. रेडकू झालं." मी शेजारच्या दालनात उगाच ब्रश फिरवत बसायची. बारा-तेरा वर्षं हे चाललं. मी निवृत्त झाले त्या दिवशी म्हणाल्या, "तुमी चाललात, आता ध्यान कोन ठिवनार?" मी म्हटलं, "नोंद आहे हौसाबाई. नोंद कुठं जात नाही."

केवढा विश्वास होता माझा त्या नोंदवहीवर! असो.

आता कलाफेरी. आमच्या गावात प्रशांत म्हणून एक मेडिकलवाला आहे. वय पंचेचाळीस, उत्साह पंधराचा. तो पुण्याला मेव्हण्याकडे गेला असताना तिथं कुठंतरी लोक संध्याकाळी घोळक्यानं चित्रं बघत फिरताना त्यानं पाहिले. झालं! आल्याबरोबर ग्रुप काढला, 'आपली कलाफेरी'. पाच वाजता शाळेच्या हॉलमध्ये चित्रकला शिक्षकांचं प्रदर्शन, मग शौकतभाईंचं दुकान, शेवटी वस्तुसंग्रहालय. मला 'मार्गदर्शक' केलं. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणते. मी त्याला सूचना लिहून पाठवल्या. फुलं नकोत, उदबत्ती नको, एका वेळी दहा माणसं. त्यावर त्यानं जोडलेल्या हातांची तीन चित्रं पाठवली. त्यानं वाचलं असं मी समजले. माझी चूक.

शाळेच्या हॉलमध्ये ऐंशीएक माणसं जमली. मला वाटलं, वा! तर आधी दीपप्रज्वलन. खिडकीतून वारा येत होता, समई तीनदा विझली. मग सत्कार. चौदा जणांचे. शाल, श्रीफळ, फोटो. शाल, श्रीफळ, फोटो. स्टेजमागं जो भलामोठा फ्लेक्स बांधला होता, तो बरोबर दोन जलरंगांच्या चित्रांवर. कृष्णेच्या घाटाची इतकी सुरेख चित्रं, आणि त्यांच्यावर प्रशांतचा हसरा चेहरा. मी फ्लेक्सची दोरी सोडली. एकानं परत बांधली. मी म्हटलं, "अहो, चित्रं झाकली जाताहेत." तो म्हणाला, "मॅडम, पाहुन्यांची नावं झाकली तर भांडनं व्हतील." पाऊण तास आम्ही तिथं होतो. भिंतीकडं तोंड करून उभी राहिली ती एक लहान मुलगी, आणि तिलाही आईनं फोटोसाठी ओढून नेलं.

शौकतभाईंकडे तेच. सत्तरी ओलांडलेला हा माणूस त्या दिवशी लोकांना चेहरा कसा रंगवतात ते दाखवणार होता. कॅनव्हासवर एका म्हाताऱ्याचं तोंड काढून, एक डोळा मुद्दाम राखून ठेवला होता. त्यांना खुर्चीत बसवलं, शाल घातली, आणि भाषणं सुरू. ते माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, सकाळधरनं दाढी करून बसलोय. ह्ये मला ब्रश हातात घिऊ देईनात वो. डोळ्याचा रंग वाळाया लागला माझा."

एवढ्यात माइकवर माझं नाव पुकारलं. माझाही सत्कार! मी नको नको म्हणत असताना शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला, आणि प्रशांत आनंदानं फुलून मला सांगायला लागला, "मॅडम, वर सरप्राइज आहे. आम्ही दुपारीच जाऊन सगळ्या तसबिरींना हार घातलेत. सतराच्या सतरा. ताजा झेंडू. काय दिसतंय म्हणून सांगू!"

मला आधी मुंग्या आठवल्या. खरं सांगते, आधी मुंग्याच. मग विलास आठवला.

"वहीतली नोंद बघितलीस का?"

"कसली वही?"

"अरे, हार घालू नये म्हणून लिहिलंय त्यात!"

"मॅडम, वीरांना हार नाही घालायचा तर कुणाला घालायचा? आणि वीरमातेला पण बोलावलंय की. हौसाबाईंना. एवढं चालणं होत नाही त्यांना, म्हणून रिक्षानं थेट वाचनालयातच पाठवलंय. पोचल्या पण असतील."

मी काय बोलले ते छापण्यासारखं नाही.

आमचं हे बोलणं शेजारी उभे असलेले सुभेदार माने ऐकत होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. वय अठ्ठ्याऐंशी, काठी हातात, पण कणा ताठ. त्यांचंही चित्र आमच्याकडे आहे. सुनेला फ्रीज ठेवायला भिंत हवी होती म्हणून त्यांनी रागानं स्वतःचं चित्र स्वतःच आणून दिलेलं. त्यांनी प्रशांतला विचारलं, "सतराच्या सतरा? म्हंजी मलाबी?"

प्रशांतचा चेहरा उतरला.

"भल्या मानसा, मी मेलो व्हय रं? हितं तुज्या म्होरं उबा हाय न्हवं? चाऽ पाजलास मगाशी, तो काय भुताला पाजलास?"

लोक हसायला लागले. आबा अजिबात हसत नव्हते. जित्या माणसाच्या तसबिरीला हार म्हणजे अपशकुन, आणि त्यांना तो स्वतःच्या हातानं काढायचा होता. मी निघाले, ते माझ्या मागे निघाले. रस्त्यानं मी, अंगावर शाल, काखेत नारळ, आणि मागे काठी टेकत, शिव्या घालत सुभेदार. मिरवणूकच आमची! वाचनालयापर्यंत सात-आठ मिनिटं लागतात. आबांना सोडून पुढं पळावं असं मनात आलं, पण तेवढं माझ्या गुडघ्यांत राहिलेलं नाही.

वर गेलो. दालन झेंडूनं पिवळंधमक झालं होतं. उदबत्त्यांचा धूर कोंदला होता. हौसाबाई विलासच्या चित्रासमोर फरशीवर बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर खाली आला होता. ऐंशीच्या घरातली बाई, मला कधी इतकी लहान दिसली नव्हती.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता भांडतील. शिव्या देतील. मी तयार होते, माझी लायकीच ती होती. पण त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, कवा सापडला?"

मला कळेना.

"तुमी उगं घालायच्या न्हाईत. सापडला असंल तवाच घातला तुमी. कवा आली खबर? मला का न्हाई सांगितलं?"

बारा-तेरा वर्षं मी त्या बाईला शिकवलं होतं की हा हार इथं कधीच पडणार नाही. तिनं माझ्या शब्दावर इतका भरवसा ठेवला होता, की आता हार पडला म्हणजे तो मेला. मी "अहो, तसं नाही, ही चूक झालीय" असं काहीतरी पुटपुटले. त्यांना ते ऐकूच गेलं नाही. आणि गेलं असतं तरी, आईला सांत्वनासाठी लोक जे बोलतात त्यातलंच ते वाटलं असतं.

आबा तोवर स्वतःच्या चित्रापर्यंत पोचले होते. काठी भिंतीला लावून त्यांनी हाराला हात घातलेला. त्यांनी हौसाबाईंचा प्रश्न ऐकला. हात तसाच थांबला. मग त्यांनी हार काढला नाही. उलट तो नीट सारखा केला, दोन्ही बाजू सम केल्या, आणि चित्राशेजारी पाठ लावून सावधान उभे राहिले.

"वैनी," ते म्हणाले, "हिकडं बघा."

हौसाबाईंनी पाहिलं.

"ह्यो फोटू कुनाचा?"

"तुमचा."

"हार हाय का त्याला?"

"हाय."

"आन मी?"

हौसाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. चित्राकडे, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा चित्राकडे. हाताला धरून मी त्यांना उठवलं. त्या आबांपाशी गेल्या आणि चक्क त्यांचा दंड चाचपून पाहिला. आबा हलले नाहीत.

"ह्या येड्यांनी सगळ्यांनाच घातल्यात वैनी," आबा म्हणाले. "जित्याला बी आन मेल्याला बी. त्यांना काय कळतंय? हाराचं काय खरं न्हाई."

हौसाबाई आधी हसल्या. मग एकदम रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. मी पाठीवर हात ठेवला आणि मीही रडले, संतापानं रडले की कशानं, मला सांगता येणार नाही. तेवढ्यात प्रशांत आणि मंडळी वर आली. प्रशांत माइक घेऊनच आला होता. आबांनी नुसतं बोट केलं, "गप उबा ऱ्हा." तो राहिला.

डोळे पुसून हौसाबाई म्हणाल्या, "बाई, स्टूल द्या."

मी म्हटलं, "थांबा, मी काढते."

"न्हाई. मीच काढते."

मी स्टूल धरलं. त्या चढल्या. विलासच्या गळ्यातला हार त्यांनी वर उचलून काढला आणि खाली टाकला. मग हातातल्या पदरानं त्याच्या निळ्या शर्टावरचं पाणी टिपलं. रंगावर कापड घासू नये, एरवी मी कुणालाही हे करू दिलं नसतं. त्या दिवशी फक्त स्टूल धरून ठेवलं. उतरताना त्या म्हणाल्या, "निघतूय की. मी उगंच भ्याले इतकी वर्सं. काढला की निघतूय."

आणि मग म्हणाल्या, "आता ह्याला घरी न्हेते."

आता घ्या! माझ्यातली सहायक जागी झाली. म्हटलं, "हौसाबाई, असं नेता येत नाही. अर्ज लागतो, विश्वस्तांची मंजुरी लागते, नोंदीत..." आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथंच राहिलं. वाचनालयाच्या क्लार्कनं वही आणली. मी निवृत्त बाई, मला कसलाही अधिकार नाही, तरी मीच लिहिलं, 'मूळ मालकास परत.' हौसाबाईंनी पूर्वीसारखीच अक्षरं लावून वाचून सही केली. प्रशांतनं आणि मी फ्रेम खाली रिक्षात नेली. जिन्यात तो मला म्हणाला, "मॅडम, चुकलं माझं." मी म्हटलं, "चुकलं तर आता चित्र सरळ धर. दोन्ही हातांनी." त्यानं धरलं.

रात्री ग्रुपवर मजकूर आला की कलाफेरी अत्यंत यशस्वी झाली. सोबत सत्काराचे बावन्न फोटो. एकाही फोटोत चित्र नाही.

उरलेल्या सोळा हारांचे डाग काढायला मला दोन आठवडे लागले, आणि चार चित्रांवरचे अजून गेलेले नाहीत. आबांनी आपलं चित्र तिथंच ठेवलं आहे. मला राग कशाचा येतो सांगू? प्रशांतचा येतोच, तो मरेपर्यंत येईल. पण स्वतःचाही येतो. त्या बाईच्या लेकाला मी हारापासून जपलं, तिची भीती मात्र तशीच कुलपात ठेवली. कधी जवळ बसून बोलले नाही. शेजारच्या दालनात ब्रश फिरवत राहिले.

गेल्या महिन्यात वाडीला जाऊन आले. विलासचं चित्र सोप्यात लावलंय, दारातून आल्याबरोबर दिसतं. त्याच्यावर हार होता. शेवंतीचा, ताजा. माझा पाय उंबऱ्यातच अडला. हौसाबाई आतून चहा घेऊन आल्या, माझं तोंड पाहिलं, कप खाली ठेवला, आणि स्टूल ओढून, शांतपणे हार काढून कोनाड्यात ठेवला.

"थोरल्याची बायकू घालती सकाळी," त्या म्हणाल्या. "तिचं बी मन हाय. घालू दे की तिला. मी हाय काढायला."